टायमिंग बेल्टची फर्द

पेशकारकाकांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला गेलो त्या पहिल्याच दुपारी मी कॅलेंडर टांगायला भिंतीत खिळा ठोकला आणि तो नेमका आतल्या विजेच्या तारेत घातला. सबंध भिंतीत दुसरीकडे कुठे तार नव्हती, पण आमचा नेमच तसा. फट्‌कन आवाज झाला, मी हातोडीसकट मागे उडालो आणि वरचे-खालचे सगळे पंखे थांबले. जून महिना, झाशीचं ऊन. बायको ट्रंकेतून भांडी काढत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदराने वारा घ्यायला लागली.

जिन्यावर पावलं वाजली. घरमालक आता आल्या पावली सामान बाहेर काढायला लावणार, अशी मनाची तयारी करून मी उभा राहिलो. दारात आले ते पायजमा-बंडीतले एक काटकुळे गृहस्थ. कानावर पेन्सिल, काखेत लांबोळकं रजिस्टर.

"कुणी कशाला हात लावू नका," ते म्हणाले. "मौक्याची जागा जशी आहे तशी राहू द्या."

मग ट्रंकेवर बसून त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिताना मोठ्याने बोलत राहिले. "खिळा एक नग. लांबी दोन इंच. पैकी सव्वा इंच भिंतीच्या आत. ठोकणार, नवीन किरायेदार. हेतू?"

"कॅलेंडर," मी म्हणालो.

"हेतू, कॅलेंडर. करा सही."

मी केली. काकांनी सही फुंकर मारून वाळवली, खाली जाऊन फ्यूज काढला, पक्कड आणून तासाभरात तार जोडली आणि त्या खिळ्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. "एकदा दर्ज झालं की मनात ठेवायची गरज नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

काका दिवाणी कचेरीतून पेशकार म्हणून रिटायर झालेले. जजसाहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून त्यांनी सारी नोकरी एकच काम केलं होतं: लोक शपथेवर जे सांगतील ते ऐकायचं आणि कागदाला लावायचं. आपण ज्याला पंचनामा म्हणतो त्याला इकडे फर्द म्हणतात. घरी आल्यावर काकांची फर्द सुटली नाही. पाण्याची टाकी धुतली, फर्द. मांजरीने दूध सांडलं, फर्द. आणि तिथे साक्षीदार म्हणून काकूंची सही. प्रत्येक फर्दीखाली ते स्वतः 'बकलम खुद', म्हणजे स्वहस्ते, असं लिहून सही करीत, आणि त्याखाली साक्षीदार नंबर एक, साक्षीदार नंबर दोन.

कुणी काही काम सांगितलं की ते तारीख देत. आमचा नळ गळायला लागला तेव्हा म्हणाले, "पुढचा मंगळवार, दहा वाजता." कचेरीतल्या तारखांचा सगळ्यांनाच अनुभव, म्हणून बायकोने नळाखाली बादली लावून ठेवली होती. मंगळवारी दहाच्या ठोक्याला काका पाना घेऊन दारात. आपण दिलेली तारीख त्यांनी स्वतः कधी मुलतवी केली नाही. काकूंनी त्यांना नावाने हाक मारणं शक्यच नव्हतं, तेव्हा चहा झाला की त्या स्वयंपाकघरातून कोर्टातल्या अर्दलीसारखं तीनदा ओरडत, "हाजिर व्हा! हाजिर व्हा! हाजिर व्हाऽ!" तिसऱ्या पुकाऱ्याला काका आले नाहीत तर तो चहा वर आम्हाला येई. आम्ही पुष्कळ चहा प्यालो.

त्यांचा एक किस्सा होता. तो ते महिन्यातून दोनदा तरी सांगत. एरच गावाकडच्या एका म्हाताऱ्या गवाहाला वकिलाने विचारलं, तूने अपनी आँखों से देखा? म्हातारा म्हणाला, "देखो तो नईं साब, पै भओ जेई हतो." म्हणजे, पाहिलं तर नाही, पण झालं होतं हेच. सगळं कोर्ट हसलं. "मी नाही हसलो," काका म्हणत. "एवढ्या वर्षांत 'नाही पाहिलं' म्हणणारा तेवढा एकच भेटला, भाऊसाहेब. बाकी सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं."

हे ऐकताना मी मान हलवायचो. मी स्वतः सरकारी दफ्तरात. आमच्याकडे फाईल आली की कोपऱ्यात 'देखा' असं लिहून सही करायची आणि पुढच्या टेबलावर सरकवायची पद्धत. न उघडता 'देखा' लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या सेक्शनमध्ये कुणी नव्हतं.

काकांची एक छोटी पांढरी गाडी होती. रविवारी सकाळी काकूंना शेजारी बसवून ते बरुआसागरला जात आणि थैलीभर आलं, भाजी घेऊन येत. वाटेत तलावाच्या काठी थांबून दोघं थर्मासमधला चहा पीत. काकूंच्या गुडघ्यांनी बसगाडीची पायरी चढणं कधीच सोडून दिलं होतं, त्यामुळे त्यांचं सगळं बाहेरचं जग म्हणजे ही गाडी. आणि ती काकांशिवाय कुणी उघडत नसे. फार पूर्वी गॅरेजमधून गाडी परत आली तेव्हा काकांना सीटवर एक नट सापडला होता. मिस्त्री म्हणाला, "एक्स्ट्रा है बाबूजी." काकांनी नटाची फर्द केली, नट पाकिटात घालून शिवला आणि त्या दिवसापासून गाडी घरातच दुरुस्त होऊ लागली.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, पेला उचलताना चहा बशीत जाई एवढाच. पण दिवाळीत त्यांनी इंजिनात तेल भरलं आणि झाकण लावायचं राहिलं. अर्ध्या रस्त्यात बॉनेटमधून धूर. काकू घाबरून रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिल्या. हे पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाच्या कानावर गेलं. त्याने फोनवर सांगितलं, बाबा, आता पुरे, गाडी विकून टाका, औजारं कुणाला तरी द्या. बाप-लेकात आठवडाभर फोनवर जिरह, म्हणजे उलटतपासणी, चालली आणि शेवटी काकांनी काय करावं, तर एक करारनामा लिहून मुलाला पाठवला. मी स्वतः त्यावर साक्षीदार होतो. त्यात लिहिलं होतं: यापुढच्या मोठ्या कामात माझ्या हाताकडून चूक झाली, तर औजारांची पेटी आणि गाडी दोन्ही मी सोडीन. बकलम खुद.

आणि पुढचं मोठं काम होतं टायमिंग बेल्ट.

आता हे प्रकरण मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. इंजिनात एक दात्यांचं चाक वर असतं आणि एक खाली. दोघांवर मिळून एक दात्यांचा रबरी पट्टा. खालचं दोनदा फिरलं की वरचं एकदा, असं त्यांचं ठरलेलं. पट्टा जुना होऊन तुटला किंवा चुकीच्या दात्यावर बसला, तर आतले वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. म्हणून दोन्ही चाकांवर एकेक खूण कोरलेली असते. दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या की मगच पट्टा चढवायचा.

इलाइट चौराह्याजवळच्या दुकानात आम्ही पट्टा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाबूजी, मिस्त्री से डलवा लो. एक दाँत इधर-उधर हुआ तो इंजन गया. घर का काम नहीं है ये."

"गाड़ी घर की है, तो काम किसके घर का होगा?" काका म्हणाले. पण परत येताना ते नेहमीसारखे बोलत नव्हते. उजवा हात खिशात घालून चालत होते.

तारीख रविवारची पडली. सकाळी आठला पोर्चमध्ये गाडी जॅकवर चढलेली, उजवीकडचं पुढचं चाक काढलेलं, खाली सतरंजी, सतरंजीवर जुनं धोतर आणि धोतरावर सगळी औजारं ओळीने. काकू खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या होत्या, साक्षीदार नंबर दोन म्हणून. नंबर एक मी.

काम सुरू झालं आणि काकांचं रूप पालटलं. एक शब्द जास्तीचा नाही. प्रत्येक बोल्ट निघाला की त्याचं वर्णन, रजिस्टरमध्ये नोंद, आणि बोल्ट चिठ्ठी लावलेल्या काडेपेटीत. पाना धरताना त्यांचा हात कापे, पण पाना बोल्टवर बसला की थांबे. मी बघत होतो, काकूही बघत होत्या. मेथीची एक जुडी त्यांनी दोनदा निवडली.

अकराच्या सुमारास जुना पट्टा निघाला. त्याच्या पाठीवर बारीक भेगा पडल्या होत्या. काका बॉनेटमधून दोन्ही हातांनी वरचं चाक धरून उभे राहिले. ते सोडलं की आतल्या स्प्रिंगमुळे झटक्यात फिरतं, म्हणून सोडायची सोय नव्हती. खालच्या चाकाची खूण बघायची तर चाकाच्या पोकळीशी जमिनीवर आडवं होऊन, दाढीचा आरसा आत घालून, टॉर्च मारून बघावी लागे. तेवढं मी करायचं होतं.

"वरची खूण जागेवर आहे," काका वरून म्हणाले. "खालची बघा. खालच्या चाकावर टिंब आहे, त्याच्या समोर इंजिनवर बाण. दोन्ही समोरासमोर पाहिजेत. सावकाश बघा."

मी आडवा झालो. आरसा घातला. टॉर्च मारला. आरशात मला एक काळं काहीतरी दिसलं आणि त्याच्या शेजारी आणखी काळं काहीतरी दिसलं. महिन्याभरापूर्वी मला जवळचा चष्मा लागला होता आणि तो वर, टेबलावर होता. वर म्हणजे एकोणीस पायऱ्या. मी डोळे बारीक केले. काळ्यामध्ये टिंबासारखं काही असावं असं वाटलं. ते बाणासमोर असावं असंही वाटलं.

"आहे," मी म्हणालो.

"समोरासमोर?"

"एकदम."

उठून मी रजिस्टरमध्ये सही केली. हात आपोआप 'देखा' लिहायला निघाला होता, तो आवरला. काका काकूंना म्हणाले, "आता तुम्ही." काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी नाही पाहिलं. माझे गुडघे वाकत नाहीत. न पाहता सही कशी करू?"

"मग राहू दे. नंबर एकची आहे."

नवा पट्टा चढला. कप्पीने ताण दिला. मग काकांनी खालच्या बोल्टला मोठा पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायला घेतलं. हे सगळ्यात जिवावरचं. मध्ये कुठे अडलं तर आत लोखंड लोखंडाला भिडलं असं समजायचं. काकांचे ओठ हलत होते. एक फेरा. दीड. पाना एकदा थबकला तेव्हा काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काकांनी नुसती पकड बदलली होती. दोन.

"पुन्हा दोन्ही खुणा," काका म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटाने पुसला, बोटं काळी होती म्हणून. "वरची जागेवर. खालची तुम्ही. आणि मग इथे दुसरी सही, या ओळीवर."

ती ओळ मला वाचता येईना. म्हणून, निव्वळ त्या ओळीसाठी, मी वर जाऊन चष्मा घेऊन आलो.

चष्मा लावून आडवा झालो आणि आरशात बघितलं. टिंब स्वच्छ दिसलं. बाण स्वच्छ दिसला. आणि टिंब बाणापासून बरोबर एक दात मागे होतं.

आरसा पुसून पुन्हा बघितलं. तेच.

"काका," मी म्हणालो, "एक दात मागे दिसतंय."

काका गाडीला धरून धरून खाली बसले. आडवं होऊन परत उठायला त्यांना अर्धा तास लागे, तरी झाले आडवे, आणि आरसा हातात घेऊन स्वतः पाहिलं. उठून रजिस्टर पुढे ओढलं.

"पट्टा चढवण्याआधी खूण बरोबर होती," ते पानावर बोट ठेवून म्हणाले. "साक्षीदाराची सही आहे. म्हणजे चढवताना माझ्या हातून सरकलं."

"काका, आरसा तिरपा असेल त्या वेळी..."

"सही आहे ना भाऊसाहेब तुमची. आरशाचा काय संबंध?"

मी खोटी सही केली असेल ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. नोकरीभर त्यांनी खोटी साक्ष देणारे बघितले होते, पण आपल्या पोर्चमध्ये, मेथीच्या वासात, वरचा किरायेदार तसं करील हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. तो कापत होता. आता तो थांबत नव्हता.

"बरं झालं, इंजिन सुरू करायच्या आधी कळलं," ते काकूंना म्हणाले. "तुमचा मुलगा बरोबर बोलत होता. मिस्त्रीला बोलावू उद्या. पेटी त्यालाच देऊन टाकू."

"आणि बरुआसागर?" काकूंनी विचारलं.

काकांनी पेन्सिल घेतली आणि लिहू लागले, नेहमीप्रमाणे मोठ्याने. "आज रोजी... माझ्या उजव्या हाताकडून..."

खरं सांगतो, तेवढ्या वेळात मी पुष्कळ विचार केला आणि एकही चांगला नव्हता. म्हातारं माणूस आहे, आज ना उद्या सोडणारच होते. मुलगाही खूश होईल. सही माझी आहे, पण पहिल्या वेळी चष्मा नव्हता हे कुणाच्या लक्षात आहे? काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. मेथीकडेही बघत नव्हत्या. काकांच्या हाताकडे बघत होत्या.

"...चूक..." काका म्हणाले.

"मी पाहिलंच नव्हतं," मी म्हणालो.

पेन्सिल थांबली.

"पहिल्या वेळी. माझा चष्मा वर होता. मला काहीच दिसलं नाही, काका. अंदाजाने सांगितलं. चाक आधीच सरकलेलं होतं, तुमच्या हातून काही झालेलं नाही."

काकांनी रजिस्टरवरून मान वर केली. आता हे पाना फेकून मारणार असं मला वाटलं, आणि मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी अर्धी लिहिलेली ओळ शांतपणे खोडली आणि नवं पान काढलं.

"बयान पुन्हा घ्यावं लागेल. उभे राहा."

मी उभा राहिलो. पोर्चमध्ये, हात ग्रीसने माखलेले.

"साक्षीदाराने खूण पाहिली होती?"

"नाही."

"मग सही का केली? कुणाचा दबाव?"

"नाही."

"घाई?"

"नाही."

"मग?"

"जिना चढायचा कंटाळा आला."

काकांनी अक्षर न अक्षर लिहिलं. "कारण, कंटाळा. करा सही. चष्मा लावून करा."

मी सही केली. ती नेहमीपेक्षा मोठी आली.

"एवढ्या वर्षांत गवाह पलटलेले पुष्कळ पाहिले," काका रजिस्टर मिटत म्हणाले. "स्वतःच्या विरुद्ध पलटलेला पहिलाच. चला, पट्टा उतरवू."

"खूण बघायला दुसऱ्या कुणाला बोलावू का?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणाला कशाला? तुम्हीच बघणार. आता तुमच्याइतकं नीट कुणीही बघणार नाही."

पट्टा उतरला. खालचं चाक एक दात पुढे गेलं. या वेळी मी टिंबाकडे इतका वेळ टक लावून होतो, की वरून काकांनी दोनदा विचारलं, झोपलात काय? पट्टा चढला. दोन फेरे. एक, दीड, दोन. पुन्हा खुणा. समोरासमोर. मी तीनदा बघितलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

सगळं परत जागेवर बसेपर्यंत तीन वाजले. कुणी जेवलं नव्हतं. काका गाडीत बसले, किल्ली लावली आणि थांबले. त्यांचा हात किल्लीवर कापत होता आणि किल्लीच्या जुडग्याचा बारीक खळखळाट आम्हाला ऐकू येत होता. काकूंनी डोळे मिटले.

किल्ली फिरली. इंजिनाने एकदा आढेवेढे घेतले, आणि लागलं. नुसतं लागलं नाही, असं एकसारखं चालू लागलं की बॉनेटवर ठेवलेला आरसासुद्धा हलला नाही.

काकांनी मिनिटभर ऐकलं, इंजिन बंद केलं आणि रजिस्टर मागवलं. काकूंनी डोळे उघडून हात पुढे केला.

"द्या इकडे. सही करते."

"तुम्ही पाहिलं नाही ना?"

"नाही पाहिलं. ऐकलं. ऐकलं असं लिहा."

काकांनी तसं लिहिलं. त्यानंतर पुढे चार वर्षं, काका होते तोवर, ती गाडी दर रविवारी बरुआसागरला जात होती आणि पेटी पोर्चमध्येच होती. काका गेल्यावर रजिस्टरांचा गठ्ठा मुलगा पुण्याला घेऊन गेला. त्यात कुठेतरी माझ्या कंटाळ्याची कागदोपत्री नोंद आहे.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी वर आलो, साबणाने तीनदा हात धुतले आणि बायकोला सगळं सांगितलं. काहीही न वगळता. चष्मा, पायऱ्या, बयान. ती तिच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काकांनी तुमची सही तपासली नाही," ती म्हणाली, "म्हणून तुम्हाला खरं बोलावं लागलं. आणि मी बाई इतकी वर्षं तुम्ही लावलेलं प्रत्येक कुलूप ओढून बघतेय. माझंच चुकलं."